शेजाऱ्यांची रिकामी भांडी

"आमच्यासाठी प्रार्थना करा हं!" हे वाक्य आम्हा ख्रिस्ती लोकांच्या घरात किती वेळा बोललं जातं, याची मोजदाद कुणी केली नसेल. उपासना संपल्यावर चर्चच्या पायरीवर, दवाखान्यातून निघताना, लग्नाच्या पंगतीत, एस.टी. सुटता सुटता खिडकीतून... आणि उत्तरही ठरलेलं, "करते ना, रोजच करते." मोबाईल आल्यापासून तर तेवढंही बोलावं लागत नाही. समोरून निरोप येतो, आपण जोडलेल्या हातांचं चित्र पाठवतो आणि भाजी फोडणीला टाकायला उठतो.

मी टिंगल करत नाही. माझ्या आयुष्यातले कितीतरी दिवस दुसऱ्यांनी केलेल्या प्रार्थनेवर निभावले आहेत, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण आता शहात्तराव्या वर्षी एक प्रश्न वारंवार मनात येतो. पैशाच्या आणि घरातल्या अडचणीत सापडलेल्या माणसासाठी प्रार्थना करायची, म्हणजे नेमकं काय करायचं? आजाऱ्यासाठी प्रार्थना करणं त्या मानाने सोपं आहे. आजाराला नाव असतं, ते सांगायला कुणी लाजत नाही. कर्जालाही आकडा असतोच, पण तो कुणी उच्चारत नाही. माणूस एवढंच म्हणतो, "जरा अडचण आहे." त्या 'जरा'च्या पोटात काय काय असतं, ते त्या घरच्या चुलीलाच माहीत.

गेल्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर, माझी एक जुनी विद्यार्थिनी माझ्याकडे आली. (तिला विचारूनच हे लिहिते आहे. नाव-गाव अर्थातच देत नाही.) आमच्या नगर जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी तिचं सासर. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण माझ्या तोंडी अजून नगरच येतं! शाळेत असताना तिचं अक्षर फार सुंदर होतं. फळ्यावर सुविचार लिहायचं काम तिच्याकडे असे. आता वय पंचेचाळीस. आल्या आल्या म्हणाली, "बाई, जवळून चालले होते, म्हटलं भेटून जावं. आमच्यासाठी प्रार्थना करा तेवढी." आणि उठायलाच लागली. चहासुद्धा नको म्हणाली.

पस्तीस वर्षं वर्गावर उभी राहिल्याने एक सवय लागते. कोणतं पोर गृहपाठ विसरलं आहे आणि कोणतं उपाशी आलं आहे, ते चेहऱ्यावरून कळतं. मी म्हटलं, "अगं, बस. मला चहा घ्यायचाच आहे." चहा उतू जाईपर्यंत ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही.

या गप्प बसण्याबद्दल थोडं सांगते. पवित्र शास्त्रात ईयोबाची कथा आहे. गुरंढोरं गेली, मुलंबाळं गेली, अंगभर फोडं आले. त्याचे तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. एक अक्षर बोलले नाहीत. पुढे त्यांनी तोंड उघडलं आणि तुझंच काहीतरी चुकलं असणार म्हणून त्याला भंडावून सोडलं. शेवटी देवाने त्यांचेच कान उपटले. मला नेहमी वाटतं, त्या मित्रांनी केलेलं सगळ्यांत चांगलं काम पहिल्या सात दिवसांतलं होतं.

तर चहा झाला आणि मग तिला रडू आलं. रडून झाल्यावर हळूहळू सगळं बाहेर आलं. नवऱ्याचा कारखाना बंद पडला, त्याला दोन वर्षं होत आली. सासूचं ऑपरेशन त्याच सुमारास झालं. त्यासाठी गावातल्या एकाकडून पैसे घेतले. नंतर ते व्याज द्यायला महिलांच्या गटातून फायनान्सचं कर्ज. तो हप्ता भरायला दुसऱ्या फायनान्सचं. मग सोनं गहाण. थोरला मुलगा कॉलेजात, त्याची फी थकलेली. राहतं घर सासऱ्यांच्या नावाचं, त्यावरून नवरा आणि धाकटा दीर यांच्यात अबोला. नवरा दिवसभर टीव्हीसमोर भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. काही विचारलं की अंगावर येतो, नाहीतर उठून बाहेर जातो.

"एकूण देणं किती गं?" मी विचारलं.

"माहीत नाही बाई. चार-पाच लाख असेल. मोजायची हिंमत नाही होत."

मग थोडं थांबून म्हणाली, "कधी कधी वाटतं, सगळंच संपवून टाकावं." मी तिचा हात धरला आणि सरळ विचारलं, "म्हणजे जिवाचं काही करायचं मनात येतं का?" असं विचारलं तर उलट मनात भरतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. विचारलं की माणसाला सुटल्यासारखं होतं. ती म्हणाली, "येतं, पण मुलांकडे बघून परत फिरते." सरकारची टेलिमानस नावाची फुकट मदत आहे, १४४१६ हा नंबर. तो तिच्या मोबाईलमध्ये तिथल्या तिथे घातला, आणि रोज रात्री साडेनऊला मला फोन करायचा, हे कबूल करून घेतलं. प्रार्थना त्यानंतर.

प्रार्थना करायला बसलो, तर मला आईची आठवण झाली. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते. ते १९६९ साली गेले, तेव्हा आम्ही चार भावंडं शिकत होतो. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना लाल मिलोच्या भाकरीची चव आणि दुष्काळी कामावरच्या सुकडीचा वास अजून आठवत असेल. माझी बी.ए. नुकतीच झाली होती, नोकरी लागायची होती. आई रोज रात्री कंदील बारीक करून प्रार्थना करायची आणि तिच्या प्रार्थनेत आकडे असायचे. प्रभू, वाण्याचे सव्वीस रुपये आहेत, दूधवाल्याचे नऊ, धाकट्याची परीक्षेची फी शनिवारपर्यंत भरायची आहे, आणि चपलेचा अंगठा तुटला आहे... आम्हाला मुलांना फार संकोच वाटायचा. एकदा माझा भाऊ म्हणाला, "आई, देव काय मुनीम आहे का?" आई म्हणाली, "मुनीम नाही, बाप आहे. बापाला आकडा सांगायला लाज कसली?"

आईचं शिक्षण चौथीपर्यंत. पण प्रभूने शिकवलेली प्रार्थना ती नीट समजून म्हणत होती, असं मला आता वाटतं. त्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे ती रोजची, वर्षभराची नाही. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात जिथे क्षमा मागितली आहे, तिथे मराठीत शब्द आहे 'ऋण'. मूळ ग्रीकमध्येही देण्याचाच शब्द आहे. लूकने त्याच जागी पाप म्हटलं आहे. आपण उपासनेत घाईने म्हणतो आणि पुढे जातो. पण डोक्यावर देणं असलेला माणूस त्या शब्दापाशी अडखळतो. त्याचा आवंढा तिथेच अडकतो. पैसा, भाकर, देणं-घेणं या गोष्टी प्रार्थनेत आणायला हलक्या आहेत, असं येशूला वाटलं असतं तर त्याने दुसरा दृष्टान्त वापरला असता.

म्हणून मी तिला म्हटलं, "आज आपण आकड्यांसकट प्रार्थना करू. त्यासाठी आधी आकडे लागतील." शंभर पानी वही काढली आणि सांगितलं, "तुझ्या त्या फळ्यावरच्या अक्षरात लिही."

तिने लिहिलं. सोन्यावरचं कर्ज ७०,०००. पहिल्या फायनान्सचे राहिलेले ३८,०००, दुसऱ्याचे २४,०००. सावकाराचं मुद्दल १,२०,०००. किराणा ९,४००. कॉलेजची फी २२,०००. खाली रेघ मारून बेरीज केली, दोन लाख त्र्याऐंशी हजार चारशे. तिने दोनदा बेरीज पडताळली. चार-पाच लाखांची भीती उराशी घेऊन ती हिंडत होती, आणि कागदावरचं देणं तीन लाखांच्या आत होतं. रक्कम काही लहान नव्हे, ज्या घरात मिळकत नाही त्या घराला तर डोंगरच. पण डोंगराला आता पायथा आणि माथा दिसू लागला.

दुसरंही एक दिसलं. सावकाराचं व्याज शेकडा पाच, दर महिन्याला. म्हणजे महिना सहा हजार. बावीस महिने भरले, म्हणजे एक लाख बत्तीस हजार देऊन झाले. मुद्दलापेक्षा जास्त! आणि मुद्दल जागच्या जागी. तिने तो आकडा पाहिला आणि रडायची थांबली. राग आला तिला. मला बरं वाटलं. काही वेळा राग हासुद्धा देवाने दिलेला असतो.

त्या दिवशी आम्ही एकच उतारा वाचला, दुसरे राजे, अध्याय ४, सुरुवातीच्या सात ओव्या. गोष्ट छोटी आहे. संदेष्ट्यांच्या मंडळींपैकी एक माणूस मरण पावला. त्याची विधवा अलीशाकडे आली. सावकार दारात उभा आहे आणि कर्जापोटी तिच्या दोन्ही मुलांना गुलाम करून नेणार आहे. अलीशा तिला विचारतो, घरात काय आहे? ती म्हणते, काही नाही, एका भांड्यात थोडं तेल आहे तेवढं. तो सांगतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, थोडीथोडकी नको. मग दार लावून घे आणि तेल ओतत राहा. भांडी भरत गेली. आणखी भांडं नाही असं मुलाने सांगितलं, तेव्हा तेल थांबलं. मग अलीशा म्हणाला, तेल विक, देणं फेड आणि उरेल त्यावर तू आणि मुलं निर्वाह करा.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण कर्जात बुडालेल्या माणसाशेजारी बसून वाचली की ती वेगळी दिसते. पहिली गोष्ट, तिचा नवरा देवाला भिऊन वागणारा होता, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. तरीही तो मागे कर्ज ठेवून गेला. म्हणजे कर्ज झालं म्हणून श्रद्धा कमी होती, हा हिशेब शास्त्राला मान्य नाही. दुसरी गोष्ट, अलीशाने स्वतःच्या पिशवीतून पैसे काढून दिले नाहीत आणि नुसता आशीर्वादही दिला नाही. त्याने घरात काय आहे ते विचारलं. तिसरी गोष्ट म्हणजे ती भांडी. शेजाऱ्यांनी तेल दिलं नाही, त्यांच्याकडेही नसेल. त्यांनी रिकामी भांडी दिली. पण ती भांडी मागायला तिला दारोदार जावं लागलं, आणि आपली गरज उघडी करावी लागली. जितकी दारं तिने ठोठावली तितकं तेल तिच्या घरात भरलं. आणि चौथी, मला सर्वांत आवडणारी. तेल ओतताना दार लावून घ्यायला सांगितलं होतं. कुणी बघायला नको, बोभाटा नको. देवाने तिची अब्रू राखली.

हे मी बोलत होते तेव्हा तिने मान खाली घातली आणि आणखी एक गोष्ट सांगितली. काही महिन्यांपूर्वी ती शेजारच्या गावी एका सभेला गेली होती. तिथे तिला सांगण्यात आलं, तुझा विश्वास कमी पडतो आहे, आधी देवाच्या कामाला पाच हजार दे, पेरल्याशिवाय उगवत नाही. तिने फीसाठी जमवलेल्या पैशातून पाच हजार दिले. काही उगवलं नाही. आणि आता तिला वाटत होतं की विश्वासच खरोखर कमी असणार.

कुणी सांगितलं, हे मी विचारलं नाही. पण अशा वेळी मंदिरात दोन नाणी टाकणाऱ्या विधवेची गोष्ट नेहमी पुढे केली जाते, म्हणून मार्कच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय तिच्यासमोर ठेवला. "या गोष्टीच्या वरच्या दोन-तीन ओव्या वाच," म्हटलं. तिथे येशू विधवांची घरं गिळणाऱ्या आणि दिखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांबद्दल सावध करतो. लगेच पुढे ती विधवा येते आणि आपली सगळी उपजीविका पेटीत टाकते. हे दोन प्रसंग एकमेकांना लागून आहेत, ते उगीच नाही. येशूने तिचं मन ओळखलं, हे खरंच. पण मुलाची फी देवाच्या नावाने मागून घ्यावी, याला त्या अध्यायात आधार सापडणार नाही. उलट पहिल्या मंडळीत काय झालं ते प्रेषितांच्या कृत्यांत, सहाव्या अध्यायात आहे. रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी कुरकुर झाली, तेव्हा ते काम नीट व्हावं म्हणून खास सात माणसं नेमली गेली. गरजू बाईच्या ताटात भाकरी पोचते की नाही, हे बघणं हे मंडळीचं अगदी सुरुवातीपासूनचं काम आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत हे नवीन नाही. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले. १८८२ साली नवरा गेला, पदरात लहान मुलगी. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती उभी राहिली. तिथे प्रार्थना होतीच, पण विहिरी होत्या, शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. रमाबाईंचं बायबलचं भाषांतर त्याच छापखान्यात छापलं गेलं. प्रार्थना आणि पोटापाण्याचं काम एका छपराखाली.

आणि आमच्या नगरच्या लक्ष्मीबाई टिळक! टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि एक संसार मध्यावर फाटला. काही वर्षं नवरा एकीकडे, बायको एकीकडे, मूल लहान. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. संसार पुन्हा उभा राहिला, तरी टिळकांच्या हातात पैसा कधी टिकला नाही. हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'त इतक्या हसऱ्या लेखणीने लिहिलं आहे की वाचताना आपण विसरतो, ही बाई किती वेळा रिकाम्या डब्यात हात घालून बसली असेल. त्या पुस्तकाचा पहिला भाग आला १९३४ साली, म्हणजे टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर. हसू यायला वेळ लागतो. ज्याच्या घरात आज आग लागली आहे, त्याला "आनंदी राहा" म्हणून सांगू नये, हे मी त्यांच्याकडून शिकले.

पैशाच्या अडचणीपेक्षा घरातली अडचण अवघड. पैशाला वहीत ओढता येतं, माणसाला नाही. नवऱ्याबद्दल तिने विचारलं, "यांच्यासाठी काय मागू बाई? नोकरी मागू की स्वभाव?" मला हन्ना आठवली. पहिल्या शमुवेलात तिची गोष्ट आहे. घरात सवत, तिचे टोमणे, मूल नाही, नवरा प्रेमळ पण त्याला दुखणं समजत नाही. ती मंदिरात जाऊन मुक्याने रडत प्रार्थना करते. ओठ हलतात, आवाज नाही. एली याजकाला वाटतं, बाई दारू प्यायली आहे! पुढे ती उठते, जेवते, आणि तिचा चेहरा पहिल्यासारखा उदास राहत नाही. अजून काहीच बदललेलं नसतं. सवत तीच, घर तेच. पण मनातलं सगळं ओतून झाल्यावर तिला भूक लागली. प्रार्थनेचं पहिलं फळ एवढंच असतं बहुतेक. दोन घास पोटात जातात. पुढचं पुढे.

आणि रडत-भांडत प्रार्थना केलेली चालते का, असं ज्यांना वाटतं त्यांनी स्तोत्रसंहिता चाळून बघावी. कितीतरी स्तोत्रं निव्वळ तक्रारीची आहेत. देवा, कुठे आहेस, किती दिवस, ऐकू येतं का तुला, अशी. ती कुणी गाळली नाहीत.

मी तिला म्हटलं, "नोकरीही माग, स्वभावही माग. पण त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट माग, की त्यांची लाज जावी." पुरुषाची नोकरी गेली की घरात तो पाहुण्यासारखा वावरतो, हे मी फार घरांत पाहिलं आहे. ती वही त्याला दाखव म्हटलं, पण रात्री नको, जेवण झाल्यावर दुपारी. आणि "तुमच्यामुळे" हा शब्द वहीच्या आसपास फिरकू द्यायचा नाही.

मग काय झालं, ते सांगते. चमत्कार म्हणावा असं काही नाही. आमच्या मंडळीतले बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तिच्याबरोबर दोन दिवस बसले. त्यांच्या सल्ल्याने एक पाटली विकली आणि सोन्याचं कर्ज फिटलं. दुसरी पाटली आणि तिच्या आईची माळ घरी आली. सावकाराकडे परवाना नव्हता. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं हा गुन्हा आहे, आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. तिने सुंदर अक्षरात अर्ज लिहिला. महिन्याभरात सावकाराचा सूर बदलला, व्याज थांबलं. मुद्दलाचं काय, ते अजून ठरायचं आहे. फायनान्सची माणसं रात्री आठला दारात येत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूक्ष्मकर्जाच्या नियमांत सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर कर्जदाराला फोन करणंसुद्धा छळात मोजलं आहे, हे तिने त्यांना शांतपणे सांगितलं. रात्रीचं येणं बंद झालं. हप्ते मात्र चालू आहेत, ते भरायचेच.

मंडळीतल्या एका बाईंनी शाळेच्या गणवेशांची शिलाई तिला दिली. फीचे तीन हप्ते करून मिळाले, पहिल्याला मंडळीच्या मदतनिधीतून आठ हजार आले. नवऱ्याने ती वही आठ दिवस उघडली नाही. नवव्या दिवशी तिने पाहिलं, तर किराण्याच्या रकमेपुढे त्याच्या अक्षरात टीप होती, "यातले ६०० परवा दिले." हे फोनवर सांगताना तिचा आवाज जो झाला होता, तो मला कागदावर उतरवता येणार नाही. आता तो एका गोदामात हिशेब लिहितो. पगार आधीच्या निम्मा.

दीर अजून बोलत नाही. पण सासूच्या औषधांचे निम्मे पैसे बायकोच्या हाती पाठवतो. घराच्या वाटणीसाठी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जायचं चाललं आहे. १९८७ च्या कायद्यात स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याची सोय आहे, हे पुष्कळ सुशिक्षित बायकांनाही माहीत नसतं.

तेव्हा माझ्या भाचरांनो, पुतण्यांनो, आणि इथे नेमाने येणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, कुणी "प्रार्थना करा" म्हणालं की आधी त्याला बसवा. आकडा विचारा, पण चार लोकांत नाही. शंभर रुपये द्यायची ऐपत नसेल तर आपलं रिकामं भांडं द्या. बँकेत बरोबर जा, अर्ज लिहून द्या, त्याच्या मुलाला दोन तास गणित शिकवा, रात्री एक फोन करा. आणि मग प्रार्थना करा, नावानिशी, रकमेनिशी. वेळ नसेल तर निदान त्या हातांच्या चित्राबरोबर एक ओळ लिहा, "कधी येऊ?"

ज्यांच्यावर आज अशी वेळ आहे आणि ज्यांना शब्द सुचत नाहीत, त्यांच्यासाठी त्या दिवशी आम्ही केलेली प्रार्थना खाली देते. वहीतूनच उतरवली आहे. मोकळ्या जागी आपापले आकडे आणि आपापली माणसं घाला. जे ख्रिस्ती नाहीत त्यांनी आपल्या देवाला सांगावं, बापाला ओळख पटवून द्यावी लागत नाही.

हे प्रभू, मला तुझ्याशी गोड बोलता येत नाही आज. माझ्यावर इतकं इतकं देणं आहे. हा आकडा मी कुणाला सांगितला नव्हता, तुला सांगते. मला आजच्या दिवसापुरती भाकर दे आणि आजच्या रात्रीपुरती झोप दे. माझ्या घरातल्या माणसाचं मन खचलं आहे, त्याला उभं कर, आणि त्याला टोचणारे शब्द माझ्या तोंडून जाऊ देऊ नकोस. जो आमच्याशी बोलत नाही त्याच्या घरीही सुख ठेव, मला हे म्हणवत नाही तरी म्हणते. कुणाचं दार ठोठावू ते दाखव, आणि ठोठावताना माझी मान खाली जाऊ देऊ नकोस. माझ्या घरात काय उरलं आहे ते बघायला मला डोळे दे. आणि हे सगळं फिटेल त्या दिवशी, दुसऱ्याच्या दारात रिकामं भांडं घेऊन उभी राहायला मला विसरू देऊ नकोस. आमेन.

साडेनऊला तिचा फोन अजून येतो. हल्ली तिला काळजीपेक्षा गणवेशांच्या काजा-बटणांबद्दलच जास्त बोलायचं असतं. जूनच्या आत चाळीस जोड द्यायचे आहेत म्हणे.